उंच केलेल्या खुर्च्या

ती. वन्संना,

वाकता येत नाही म्हणून उभ्यानेच नमस्कार. वाकून केलाय असं समजून घ्यावा. तुमचा खोकला बसला का? आमच्याकडे सगळं ठीक, फक्त माझा उजवा खुबा संपावर गेलाय आणि येत्या सोमवारी ऑपरेशन करून त्याच्या जागी नवा नेमायचं ठरलंय. तुम्ही मुळीच काळजी करू नका आणि एवढ्या लांब येण्याची दगदग तर अजिबात नको.

शरीराची तयारी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे आहे. त्या रोज येऊन मला पलंगावर उताणं झोपवतात, पाऊल वरखाली करायला लावतात, मग मांडी आवळायला लावतात आणि मग आपण ज्यावर बसतो ते. (उभ्या जन्मात त्या भागाची एवढी विचारपूस झाली नव्हती.) वॉकरची तालीमही आत्ताच उरकून घेतली. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, नव्या सांध्याला खोल बसणं सोसत नाही, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, तेव्हा घरातल्या खुर्च्या जरा उंच करून घ्या. हे त्यांनी सुताराच्या देखत बोलायला नको होतं.

तुमच्या बंधुराजांनी काम सोडलं तरी करवत कुठे सोडलीय? खुर्च्या, पलंग, सोफा, सगळ्यांच्या पायांखाली त्यांनी लाकडी ठोकळे बसवले, वर पॉलिशही केलं. काम सुरेख, फक्त माप स्वतःच्या पायांचं. तुम्हा भावंडांची उंची तुम्हाला ठाऊक आहे, आणि माझी तर मला बघायला आलात त्या दिवसापासून तुम्ही बोलून दाखवताय. आता मी कुठेही बसले की पाय अधांतरी. शेजारीण परवा लहान मुलीसारखी पाय हलवत चहा पिऊन गेली. शिवणाच्या मशीनपुढची खुर्ची इतकी उंच झालीय की पाय खाली पायट्यावर पोचत नाही, गिऱ्हाइकाचे पडदे अर्धे तसेच पडलेत. मी चिडून विचारलं, माझं माप घ्यायला काय झालं होतं? तर म्हणाले, "तुला किती वेळा उठबस करायला लावू? दुखतं ना तुला." म्हणून प्रत्येक खुर्चीवर स्वतःच बसून बघत होते. यावर भांडण पुढे कसं न्यायचं, तुम्हीच सांगा. (नेलं थोडं, पण नेहमीची मजा आली नाही.)

मनाच्या तयारीचं मात्र काही खरं नाही. डॉक्टरांनी आम्हाला सांध्याचा नमुना दाखवला, ही वाटी, हा तिच्यात फिरणारा गोळा. हे खुशीत आले, सांधे म्हणजे यांचाच विषय. वाटी चिकटवणार की ठोकून बसवणार, असं त्यांनी विचारलं. "ठोकूनच बसवतो, काका," डॉक्टर हसून म्हणाले. यांनी हातातली वाटी अलगद खाली ठेवली. तुमच्या-माझ्या दृष्टीने तो एक शब्द आहे, पण यांनी जन्मभर ठोकाठोक केलीय, कुठल्या कामाला केवढा घाव लागतो ते यांच्या हाताला माहीत. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच करवत सुरू झाली. आमचं सामान संपल्यावर शेजारणीचं टेबल उचलून आणलं. (तिने मागितलं नव्हतं.) करवत चालू असते तोवर ते बरे असतात. थांबली की माझ्या पायाकडे बघत बसतात.

मलाही भीती वाटते, वन्सं. पाय पुन्हा मशीनवर चालेल की नाही, कोण जाणे. पण मला गुंगी देणार आहेत, मला काही कळणार नाही. बाहेर बाकावर बसून आतला एकेक घाव मनात मोजणार ते हे.

असो. औषध वेळेवर घ्या.

तुमची,
सध्या लंगडी भावजय

ता. क. येऊ नका असं वर लिहिलं, कारण तेव्हा हे मागे उभे राहून वाचत होते. रविवारपर्यंत या. माझ्यासाठी नको, मी झोपलेलीच असणार. यांच्याजवळ बसा.

आणखी एक. तुमच्या स्वयंपाकघरातलं ते डुगडुगणारं स्टूल घेऊन या. दवाखान्यात करवत नेऊ देणार नाहीत, पण स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिशपेपर मी माझ्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी ठेवलेत. मधल्या काळात कुणी ते स्टूल दुरुस्त केलं असेल, तर निघण्याआधी त्याचा एक पाय मोडा.