छताकडे बघणारा दादा

दि. १४ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, तुम्हीही बरे असाल. एवढं रीतीचं लिहून झालं. आता खरं सांगतो, मी भयंकर भडकलोय. फोनवर तू रडतेस नि मी ओरडतो, म्हणून कागद घेतला. चुका काढत बसू नकोस, सातवीतच माझी शाळा सुटली हे तुला ठाऊक आहे.

दादाच्या तपासणीचा तू पाठवलेला, पुनर्वसन केंद्राचा इंग्रजी अहवाल आमच्या क्रेनवाल्या काकांकडून वाचून घेतला. ‘केस अकरा, वय एकतीस. बोलत नाही, हातपाय ताब्यात नाहीत. चाळीस प्रश्न विचारले, एकालाही प्रतिसाद नाही. नजर वारंवार छताकडे भरकटते. केंद्रात घेण्यास अपात्र.’

भरकटते? अगं, ते दादाचं ‘हो’ आहे! वर बघितलं की हो, डोळे गच्च मिटले की नाही. आपल्या दूधवाल्यालासुद्धा कळतं. “आज दूध दाट आहे ना, दादा?” म्हणतो, आणि दादा डोळे मिटून घेतो. आणि ह्या शिकलेल्या माणसांना कळलं नाही! भिंतीवर ‘सर्वांसाठी खुले’ लिहिलेलं आणि हातात घड्याळ. पाच सेकंद झाले की पुढचा प्रश्न. दादाचं आधी अंग ताठ होतं, हात उडतो, मान फिरते, मग कुठे डोळे वर जातात. वीसपर्यंत मोजावं लागतं. पहिल्याचं उत्तर यायचं तोवर ह्यांचा चौथा प्रश्न चालू!

मी इथं क्रेनला हाताने इशारे देतो. वर काकांना माझा एक शब्द ऐकू जात नाही. पण इशारा कळला नाही, तर ते लोखंड अधांतरी धरून थांबतात. पुढचं उचलत नाहीत.

अहवाल वाचून काकाही चिडले. मग म्हणाले, “तपासणीच्या वेळी तू कुठे होतास रे?”

“शेजारीच. त्याची मान धरून.”

“मग बोलला का नाहीस? दातखीळ बसली होती?”

मी हेल्मेट उचललं आणि चालायला लागलो.

ताई, तुला मी सांगितलं होतं, त्यांनी मला बोलूच दिलं नाही. खोटं होतं ते. शेवटी तपासणाऱ्या बाईंनी नीट विचारलं होतं, “घरच्यांना काही सांगायचंय?” दादा माझ्याकडे बघत होता. मग त्याने वर बघितलं. बघतच राहिला. मी म्हणालो, “नाही.”

केंद्राचा नियम होता, पहिलं वर्षभर घरचं एक माणूस रोज सोबत हवं. तुझी पाठ गेलेली. म्हणजे मीच. आणि माझ्या खिशात इथल्या नोकरीचं पत्र होतं.

त्यांच्यावरचा राग खराच आहे, तो जाणार नाही. पण त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

फेरतपासणीसाठी घरच्याचं लेखी म्हणणं मागितलंय ना? सोबत जोडलंय. अक्षर काकांचं, सांगणं आणि सही माझी. माझं ‘नाही’सुद्धा त्यात लिहिलंय. पंचवीस तारखेच्या आत स्वतः नेऊन दे, पोचपावती घेतल्याशिवाय हलू नकोस.

आता हे पत्र दादाला वाचून दाखव. काही गाळायचं नाही. मग विचार, “धाकट्याने सोबतीला यावं का?” घड्याळ बघू नकोस. हात उडेल, मान फिरेल, थांब. त्याने डोळे मिटले तरी तसंच कळव, आपण नात्यातलं दुसरं माणूस शोधू. वर बघितलं तर मी निघतो.

इथं वीसपर्यंत मोजत बसलेला,
तुमचा धाकटा