तुह्या मित्राची कट्यार

इंझोरी,
अश्विन वद्य पंचमी, शके १८५९

चि. इंद्रभान,

आजीचा आशीर्वाद. तो तर लिवाच लागते.

तुहं पत्र पोचलं. इकडं पऱ्हाटीले बोंडं बरे लागले हायेत. गाय व्याली, गोऱ्हा झाला. तुह्या मायचे गुडघे दुखून राह्यले, जीभ मात्र ठणठणीत हाय. तुह्या धाकट्या भावाची, रामकिसनची, सोयरीक रिठदले पक्की झाली. लग्न माघात.

हे पत्र मी माह्या हातानं लिवून राह्यली. लहानपनी तू पाटीवर गिरवे, तवा मी चुलीपुढं राखेत तेच अक्षरं गिरवे. तेवढीच माही शाळा. रामकिसनले लिवाले बसवता आलं असतं. नाही बसवलं. काहून, ते पुढं समजन.

आता तुह्या मित्राचं. तू लिवलं, का अकोल्यात तुह्या एका मित्रापाशी घरची जुनी कट्यार हाय. अमरावतीचा कोनी साहेब जुने हत्यारं जमा करते, तो ती इकत घेनार हाय. पात्यावर काळे डाग हायेत, ते घासून लखलखीत करून द्यावी का हाय तशीच द्यावी, आजीले जुन्या वस्तूचं कळते म्हनून इचारतो.

बरं बाप्पा, सांगते.

जंग असन तर गोड्या तेलात भिजू दे अन् सुती फडक्यानं पुस. जंग पोलाद खाते, त्याचा लाड कायले. डाग पुरेच काढाचे असतीन तर चिंच अन् इटकरीची भुकटी घे अन् घास. पातं आरशावानी होईन. पन मित्राले आदी इचार, डाग कुठं हायेत. टोकालेच असतीन, एकाच्या वर एक चढले असतीन, तर तो जंग नोहे. तो लिंबाचा डाग हाय.

आपल्यात नवरदेवाच्या हाती कट्यार देतात, टोकाले लिंबू खोसून. लग्न उरकेलोक ते काढत नाहीत. आंबट रस पात्याले चावते अन् तिथं काळं पडते. किती बी पुसा, जात नाही. तुह्या मित्राच्या घरी बी तशीच रीत असन.

आता माह्या घरचं ऐक. पोळ्याले तू आला अन् म्हनाला, "आजी, म्यानाची मखमल फाटली. वाशीमले नेऊन नवी लावून आनतो." आनली. लाल, जरीची कोर असलेली. मी ते म्यान घेऊन आळीभर फिरली. सोजरबाईले म्हनलं, पाय, माह्या नातवानं केलं. ती म्हने, "एवढी काहून नाचून राह्यली वं, दुसरी नातसून आनली का म्यानात घालून?" मी तिच्यासंग हसली.

घरात लग्न नसन तर कट्यार वर्सातून एकच डाव म्यानाबाहीर निंघते, खंडेनवमीले. तुले ते चांगलं माईत हाय.

खंडेनवमीले पाटावर इळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडला. मधात ठेवाले कट्यार काढली. मूठ तशीच. पात्यावर जंग बी होता, मिठाच्या पान्यानं चढवलेला. हे दुसरी कट्यार घडवनाऱ्या तुह्या सिकलगारानं काम मन लावून केलं, त्याले माहा रामराम सांगजो. टोक मात्र कोरं. लिंबाचं तू त्याले सांगतलंच नाही. तुह्याच ध्यानात नव्हतं, त्याले काय सांगशीन?

तुही माय फुलं देत होती. रामकिसन आरती धरून उभा होता. त्या कोऱ्या टोकाले मी हळदकुंकू लावलं अन् हात जोडले.

रामकिसन म्हने, "आजी, यंदा टोक लय चमकून राह्यलं."

म्हनलं, "मखमल नवी हाय ना, तिच्यानं."

तवापासून मी तुह्या पत्राची वाट पाहून राह्यली होती. तू लिवलं, पन मित्राचं लिवलं.

तुले कायची नड हाय, ते मी इचारत नाही. मागतली असती तर दोन शिव्या दिल्या असत्या अन् कट्यार बी देली असती. पोलादाचा तुकडा हाय, देव नोहे. पन तू मखमल आनली. अन् मले आळीभर फिरू देलं.

आता घासाचं. सगळ्यात खालचा पसरट डाग तुह्या आज्याचा. वरात उशिरा पोचली, लिंबू टोकावरच वाळून गेलं. मधातला तुह्या बापाचा. तो मांडवात बी हात हालवून बोले, रस पार मुठीलोक ओघळला. त्याची रेघ हाय पात्यावर, उजेडात धरून पाय. अन् टोकाजवळचा बारका, तुरीच्या दान्याएवढा, तो तुहा. तू अर्ध्या लग्नातच लिंबू काढून फेकलं, हाताले वास येते म्हने.

तवा मित्राले सांग, घासाचंच असन तर तेवढा बारका घासून टाक. बाकीचे दोन त्याचे नोहेत.

माघात रामकिसनच्या हाती मी हे सिकलगाराची कट्यार देईन. लिंबू तिले बी चावन. तिचं टोक काळं पडलं का मंग तीच घरची. त्याले अजून काही माईत नाही, अन् माह्या तोंडून माईत होनार नाही. म्हनून बोटं दुखत असून मीच लिवलं.

जुनी घेऊन आला तर मांडवाच्या दारात माह्या हाती देजो. लोकाईपुढं मी काही बोलनार नाही. रिकाम्या हातानं आला तर पाव्हन्याईच्या पंगतीत बसजो, जेवून जाजो. पाव्हन्याले आमी उपाशी धाडत नाही.

तुह्या त्या मित्राची आजी,
गोजराबाई