इतरांसारखं वरून बघायचं

४ मार्च, संध्याकाळी
आज कंपनीत ट्रेनिंग. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. विषय: वळण, संस्कृती आणि मन माणसाला कसं घडवतात. टाइल्सच्या कारखान्यातल्या क्वालिटी विभागाला हे कशाला, असं आधी वाटलं. मग कान टवकारले. मॅडम म्हणाल्या की आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो बराचसा लहानपणी घरात अंगवळणी पडलेला असतो, आणि मनावर घेतलं तर बदलता येतो. म्हणजे दोष माझा नाही. वडिलांचा! इतकं हलकं वाटलं की जेवताना दोनदा वाढून घेतलं.

वडील शिंपी होते. कपडा हातात आला की आधी उलटा करायचे आणि आतली शिवण बघायचे. कपडा वरून कसा दिसतो हे त्यांनी जन्मात पाहिलं नसावं. शाळेच्या शेवटच्या वर्षी मी पहिला आलो, मार्कशीट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी करून मागची बाजू पाहिली. कोरी होती. ठीक, म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही.

मॅडमनी प्रत्येकाला मनगटात घालायला एक रबरबँड दिला. जुनी सवय वर आली की ओढून सोडायचा, चटका बसला पाहिजे. मी तो ताणून पाहिला. जोड कच्चा आहे. तसं त्यांना सांगितलं. त्यांनी लगेच माझ्याकडे बघून सगळ्यांना म्हटलं, की हे बघा उदाहरण. सगळ्यांत आधी माझी प्रगती त्यांच्या लक्षात आली.

संकल्प: वडिलांना अंगातून काढून टाकायचं. फार वेळ लागू नये.

६ मार्च
संकल्पाला मुहूर्तच मिळाला. लेकीच्या वर्कशॉपचं चोवीस तारखेला उद्घाटन आहे. मला हिच्याकडून कळलं. लेक फोन करते, मी उचलला तर जेवलात का विचारते आणि आईला द्या म्हणते.

कारण क्षुल्लक आहे. चांगली ऑफिसातली नोकरी सोडून ती सुतारकाम शिकली. पहिलं स्टूल घेऊन हौसेनं घरी आली. मी ते उलटं केलं आणि खाली ग्लूचा ओघळ राहिलाय एवढंच म्हटलं. ओघळ होताच! ती स्टूल घेऊन परत गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही, असं हिचं म्हणणं. तेव्हापासून तिने मला एकही वस्तू दाखवलेली नाही.

आता निरोप असा आहे की बाबांनी यायला हरकत नाही, फक्त तिथे मांडलेलं तिचं टेबल इतरांसारखं वरून बघायचं. नाहीतर येऊ नये. आई एकटी आली तरी चालेल.

वरून बघणं ही काय अवघड गोष्ट आहे.

७ मार्च
सराव सुरू. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली. उभ्याउभ्या पाहिली, रंग छान आहे म्हणालो. शेजारी चकित. नंतर फक्त बुटाची नाडी बांधायला वाकलो. सायलेन्सरच्या मागे गंज धरतोय.

ही म्हणाली की तुम्ही चपला घालून गेला होतात.

११ मार्च
ऑफिसातही बदल हवा. आज एक पूर्ण खेप नुसती वरून बघितली. निळी, चकचकीत, डोळ्यांना गारवा. पास करून टाकली. मन मोकळं झालं.

१२ मार्च
साहेबांनी बोलावलं. खेप मागून तडकलेली निघाली. इतक्या वर्षांत तुमच्या सहीची टाइल परत आली नव्हती, असं म्हणाले, आणि घरी सगळं ठीक आहे ना, अशी आपुलकीने चौकशी केली. बदलाची किंमत मोजावी लागते. ऑफिसपुरते वडील परत घेतले आहेत. तिथे त्यांना पगार मिळतो.

१३ मार्च
रबरबँड तुटला. जोडावरच.

१५ मार्च
उद्घाटनाला म्हणायचं वाक्य तयार केलं: फार सुंदर झालंय, मला तुझा अभिमान वाटतो. आरशासमोर म्हणून पाहिलं. ही दाराशी उभी होती. म्हणाली की कुणाकडे समाचाराला गेल्यासारखं वाटतंय, जरा हसा. हसून म्हटलं. म्हणाली, नको, पहिलंच बरं होतं.

हिला विचारलं की मी खरंच वडिलांसारखा आहे का. ती चहाचा कप घेऊन येत होती. मी कप घेतला, तळाला ठिपका आहे का पाहिलं, आणि पुन्हा विचारलं. ती आत निघून गेली. म्हणजे नसावा.

१७ मार्च, दुपारी
कल्पना! नुसतं वाक्य पुरेसं नाही. काहीतरी स्वतःच्या हाताने करून द्यायचं. लेकीच्या लाकूड तासायच्या पटाशा एका जुन्या पिशवीत खडखडत असतात, हिने पाहिलंय. जाड कापडाची गुंडाळी शिवायची, प्रत्येक पटाशीला वेगळा खिसा. वडिलांचं पायमशीन माळ्यावरून उतरवलं. वडिलांना अंगातून काढण्यासाठी त्यांच्याच मशीनवर बसलो, पण त्याला इलाज नाही. भाड्याने मशीन मिळत नाही.

२० मार्च
शिवलं. उलटं करून पाहिलं. उसवलं.

२१ मार्च
शिवलं. उसवलं. ही म्हणाली की वरून छान दिसत होतं. वरून काय दिसतं त्याला काय करायचंय?

२३ मार्च
झालं एकदाचं. शेवटच्या खिशाचे टाके थोडे सैल आहेत, पण ते आतल्या बाजूला. कोण बघतंय आत!

२४ मार्च
शांत डोक्याने, क्रमाने लिहितो.

वर्कशॉप छोटं, स्वच्छ, लाकडाच्या भुशाचा वास. बरीच माणसं. मधोमध टेबल. मी हात खिशात घालून वरून पाहिलं. पहिल्यांदा घातलेल्या कोटासारखं रुबाबदार. लेक लांबून माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली. ती हसली. सगळं प्लॅनप्रमाणे.

मग माझा चष्मा खाली पडला. आपोआप. हिचं म्हणणं आहे की मी तो काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि टाकला. तिला लांबचं नीट दिसत नाही.

चष्मा शोधायला खाली शिरावं लागलं. शिरलोच आहे तर पाठीवर झोपलो. टेबलाची खालची बाजू रंधा मारून गुळगुळीत केलेली. सांधे असे, की नखसुद्धा जाणार नाही. जिथे कुणाचा हात जन्मात पोचणार नाही ते कोपरेही घासून गोल केलेले. बोटाने चाचपत ग्लूचा ओघळ शोधला. एकही नव्हता. पुन्हा शोधला. मग नुसताच पडून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. भुसा फार होता.

भुशाने माखलेले दोन बूट शेजारी येऊन थांबले. लेक विचारत होती की बाबा, काय सापडलं.

घाईने उठताना टेबल डोक्यात बसलं. टेबल जरासुद्धा हललं नाही, तेही लक्षात आलं. बाहेर आलो. लेकीचा भागीदार म्हणाला की वरची बाजू कधीच तयार होती, उद्घाटन खालच्या बाजूमुळे लांबलं. दोनदा तासून काढली तिने. बाबा तिथूनच सुरुवात करतात, म्हणायची.

आता तयार केलेलं वाक्य म्हणायची वेळ होती. अख्खं पाठ होतं. तोंड उघडलं आणि आवाज आला: ठीक.

माझा आवाज नव्हता तो. हिने कपाळाला हात लावला. लेकीने मात्र मान वळवली आणि बराच वेळ नाक पुसलं. भुसा तिलाही बाधला असावा.

मग मी गुंडाळी दिली. तिने गाठ सोडली, गुंडाळी उघडली आणि पहिल्या झटक्यात उलटी केली. शिवणीवरून बोट फिरवत फिरवत गेली ते शेवटच्या खिशाशी थांबली. नख घालून टाका ओढून पाहिला. माझा जीव टांगणीला लागला होता. इथून सुटणार हे, म्हणाली. मग गुंडाळी सुलट केली, काखेत धरली आणि म्हणाली, ठीक.

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. हे उलटं करून बघायचं वळण तिला कुठून लागलं कोण जाणे. हिच्या माहेरचं असावं.

३० मार्च
ट्रेनिंगच्या मॅडमना कळवलं की संकल्प पूर्ण झाला, वडील अंगातून पूर्ण गेले. रबरबँडच्या जोडाबद्दलही पुन्हा कळवलं.

आज लेकीचा फोन आला. मी उचलला. तिने आईला द्या म्हटलं नाही! उद्या जेवायला येते म्हणाली, पहिली खुर्ची झालीये, दाखवायला आणते.

खुर्चीखाली टेबलासारखी ऐसपैस जागा नसते. हॉलमधली फरशी दोनदा पुसून ठेवली आहे. पाठीखाली घ्यायला उशीही काढली आहे.