वाचले, समजले

८ जुलै २०२५, मंगळवार

साक्षीदार! आता साक्षीदार कुठून आणू?

कोर्सचं हे दुसरं आणि शेवटचं वर्ष. हायस्कूलच्या मास्तरांनी पोरांना अभियांत्रिकी कशी शिकवायची, त्याची ही पदव्युत्तर पदवी. दर शनिवार-रविवार आसगावहून भंडारा, पवनीला बस बदलून. मागच्या वर्षी हेडमास्तर राजकुमार सरांनी माझंच नाव पाठवलं. का, तर "मॅडम, तुमच्या मागं घरचं काही नाही ना!" साऱ्या स्टाफसमोर! त्रेचाळीस वर्षांची एकटी बाई म्हणजे यांना रिकामी खोली वाटते. आणा सामान, ठेवा.

कोर्स आवडला, ही गोष्ट वेगळी. सरांना ते कधी सांगणार नाही.

यंदा प्रकल्प आहे. कोणाची तरी खरी अडचण शोधायची, नववीच्या पोरांना घेऊन त्यावर काहीतरी बनवायचं, आणि कामाची वही ठेवायची. वहीचे नियम कडक. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी छापून आलंय — 'वाचले, समजले'. पुढे साक्षीदाराची सही. साक्षीदार कोर्सातला नको, नात्यातला नको. वही पूर्ण नसेल तर तोंडी परीक्षा नाही, आणि तिच्याशिवाय पदवी नाही. दोन वर्षं पाण्यात.

रोज आपलं लिहिलेलं वाचणारा आणि समजणारा माणूस! नियम करणाऱ्यांना वाटलं असेल, असा एक तर प्रत्येकाकडे असतोच.

ही वही मात्र माझी. हिला सही नको कोणाची.

११ जुलै, शुक्रवार

राजकुमार सरांना विचारलं. "आणा ना मॅडम, शंभर पानांवर आत्ताच मारून देतो!" क्लार्क म्हणाला, सर मारतील तर मीही मारतो. हसले दोघं.

न वाचता सही? बाबा असते तर वही फेकून मारली असती त्यांनी. चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस. म्हणायचे, "धागा तुटला तं गाठ दिसू दे. लपवशील तं लुगडं तिथंच फाटते."

१४ जुलै, सोमवार

अडचण सापडली. साक्षीदारही सापडला. दोन्ही एकाच ठिकाणी, शाळेच्या स्वयंपाकखोलीत!

जानकीबाई पोरांचा पोषण आहार शिजवतात. साठीच्या असतील. सोळा वर्षं मी या शाळेत, रोज त्यांच्या हातचा भात पोरांना वाढताना पाहते, पण आज पहिल्यांदा आत जाऊन बसले. भाताचा तो मोठा गंज उचलून कलता करतात, वरचं पाणी काढतात. वाफ सरळ हातावर. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. म्हटलं, हाच माझा प्रकल्प — गंज न उचलता कलता झाला पाहिजे.

मग धीर करून वही पुढे केली. सही येते का विचारलं.

"येते ना वो. रजिस्टरात रोज करून राहिले."

"मग इथं कराल?"

"करीन. पण समजलं नाई तं कायले करू? चष्मा घरी राह्यला माहा. तुमीच वाचून दाखवा, अन् समजून सांगा."

एका पानाला पाऊण तास! 'बल' म्हणजे काय, 'तरफ' म्हणजे काय. आडवे-तिडवे प्रश्न. डोकं उठवलं बाईंनी. घरी आल्यावर लक्षात आलं, इतकं सलग मी कोणाशी बोलले त्याला महिने झाले असतील.

२ ऑगस्ट, शनिवार

भंडाऱ्यात तास. जेवायच्या सुट्टीत सगळे आपापले गट करून बसले. मी डबा घेऊन बाहेर पायरीवर. नंतर आमच्या जुन्या गल्लीतून चक्कर मारली. बाबा गेल्यावर घर विकलं, माग भंगारात गेला. एका घरातून खटखट ऐकू आली, उभी राहिले थोडा वेळ. "कोण पाहिजे?" आतून विचारलं. काय सांगणार! कोणी नाही म्हटलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. पोस्टानं पाठवली होती, पोचली. नागपूरहून अंकुरचा फोन, तीन मिनिटं. "ताई, बरी हायेस ना?" बरी आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

आता डबा स्वयंपाकखोलीतच खाते. जानकीबाई पोतं अंथरून देतात. स्टाफरूममध्ये यावरून कुजबुज आहे म्हणे. असू दे, माझ्या जेवणाची यांना कधीपासून काळजी?

चष्मा आजही घरी! महिना झाला, बाईंचा चष्मा काही घरातून निघत नाही. मी वाचते, त्या तांदूळ निवडता निवडता ऐकतात. मधेच, "थांबा, मांगं वळा. काल तुमी म्हटलं का दांडा लांब पाहिजे. आज कमी काहून केला?" मी मागचं पान काढते. खरंच, काल लांबच लिहिलं होतं! नववीतल्या एकाही पोराला कालचं आठवत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

गावात मंडई, दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा. घरोघरी लेकी-जावई आलेत. धान कापायच्या घाईतही गाव नटलंय, संध्याकाळपासून नाटकाच्या मंडपात पोरं जागा धरून बसलीत. घरमालकीण म्हणाल्या, "मॅडम, या ना आमच्याकडं जेवाले." गेले. बारा पाहुण्यांत मी तेरावी. प्रत्येकाला सांगावं लागलं, ह्या आमच्या भाडेकरू. लवकर उठून आले.

शाळेला सुट्टी. जानकीबाई लेकीकडे तुमसरला. नऊ दिवसांत कामाच्या वहीची नऊ पानं लिहिली, तळाची जागा कोरी. कोरी जागा पाहून रडू आलं. वेडीच मी! सहीसाठी कोणी रडतं का?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मोडक्या सायकलीच्या सांगाड्यावर लोखंडी कडं बसवलं. कड्यात गंज बसतो, बाजूचा दांडा दाबला की कलतो. पोरांनी रिकाम्या गंजावर दहादा करून पाहिलं. मग पाणी भरून. मग वाळू भरून. जमलं!! मुली तर नाचल्या. वर्गात टाळ्या.

दिवाळीच्या नऊ पानांवर सह्या झाल्या. जानकीबाईंनी नऊच्या नऊ ऐकून घेतली, एकही सोडू दिलं नाही.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

फजिती! खरा भात, खरी चूल, खऱ्या जानकीबाई. वर्गात सगळं टेबलावर ठेवून मोजलं होतं, म्हणून स्टँड कमरेइतका उंच झाला. चूल जमिनीवर. बाईंनी स्टँडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उभ्यानं कोण रांधते वो मॅडम?"

पोरं खो-खो हसली. सहा महिने! गंज मोजला, भात मोजला, वाफ मोजली — बाई मोजली नाही. आणि बाई रोज माझ्यासमोर उकिडवी बसून मला ऐकत होती!

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी चिडून विचारलं.

"तुमी आकडा सांगत होत्या. आकड्यात किती उंच होते, मले का ठाव?"

पान ५७. सगळं जसंच्या तसं लिहिलं, त्यांचं वाक्यसुद्धा. त्यांनी ऐकलं, हसल्या, सही केली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवा स्टँड गुडघ्याइतका. पंधरा दिवस झाले, जानकीबाई त्याच्यावरच भात करतात, एकदाही चटका नाही. या आनंदात मीच म्हटलं, पवनीत डोळे तपासणीचं शिबिर आहे, चला, तुम्हाला नवा चष्मा करू. "नाई, कायले, राहू द्या." हात धरून नेलं.

डॉक्टरनं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. बाई गप्प. मोठ्यातलं मोठं अक्षर, तरी गप्प. मला वाटलं, बापरे, इतकी नजर गेली! डॉक्टरनं तक्ता उलटला. मागे नुसती तीन दातांची चिन्हं, कोणतं डावीकडे, कोणतं खाली, तेवढं हातानं दाखवायचं. बाईंनी धडाधड दाखवलं. अगदी खालची बारीक ओळसुद्धा.

"नजर साफ आहे आजींची. चष्मा कशाला पाहिजे?"

चष्मा नव्हताच कधी. वाचताच येत नाही त्यांना! सही तेवढी शिकलेल्या.

बसमध्ये मुद्दाम वेगळ्या सीटवर बसले मी. एक्क्याऐंशी पानं. प्रत्येक पानावर 'वाचले'. एक्क्याऐंशी वेळा खोटं! आणि वाचून दाखवणारी मीच.

७ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस डबा स्टाफरूममध्ये खाल्ला. कोणी विचारलं नाही, आज इकडे कशा.

गाईड मेघा मॅडमना भंडाऱ्यात सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोण विचारणार आहे? राहू द्या तसंच. महिन्यावर परीक्षा आली."

१० फेब्रुवारी, मंगळवार

राहवलं नाही. गेले स्वयंपाकखोलीत. पोतं अंथरलेलंच होतं. चारही दिवस अंथरत होत्या म्हणे.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

तांदळात हात तसाच ठेवून म्हणाल्या, "सांगतलं असतं तं तुमी दुसऱ्या कोणाले धरलं असतं. चाळीस वर्सं झाली मॅडम, मले कोणी काई समजून नाई सांगतलं. हे कर, ते कर, येवढंच सांगतेत."

मी पोत्यावर बसले, कामाची वही काढली. मग दोघींनी मिळून काम काढलं. मी प्रत्येक पानावरच्या 'वाचले' वर एक आडवी रेघ मारली, नियमाप्रमाणे. वर लिहिलं 'ऐकले', बाजूला आजची तारीख. ऐकले, समजले. त्या पान उलटत गेल्या. एक्क्याऐंशी रेघा! बाबांची गाठ दिसू दे.

"याच्यानं तुमची परीक्षा जाईन का?" विचारत होत्या.

जाईलही, म्हटलं.

१४ मार्च, शनिवार

तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही असे. पान उलटतात, रेघ. पान उलटतात, रेघ.

"साक्षीदार निरक्षर? मग तिला समजलं हे कशावरून?"

"पान सत्तावन्न बघा सर. पोरांना, मला, गाईडना, कोणालाच न दिसलेली चूक तिनं एका वाक्यात दाखवली."

वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं. वही मिटून म्हणाले, निर्णय समितीचा. नियमात बसतं का पाहावं लागेल.

निकाल राखून ठेवला. बाकी अठरांचा लागला. ते फोटो काढत होते, एकानं मोबाईल माझ्याच हातात दिला. काढला त्यांचा फोटो.

जागा मिळाली नाही, पवनीपर्यंत उभ्यानं आले. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण रेघांचं नाही वाटलं.

२२ मार्च, रविवार

निकाल नाही अजून. दुपारी जानकीबाई पहिल्यांदा खोलीवर आल्या. टेबलावरची ही वही पाहून म्हणाल्या, "हे दुसरी कोन्ती? हे तं कधी नाई वाचली तुमी."

वाचली. ८ जुलैपासून. रिकामी खोली, पायरीवरचा डबा, मंडईतली तेरावी, बसमधला राग, काही गाळलं नाही. मधेमधे थांबावं लागलं मला. त्या थांबल्या.

शेवटी मी तळाशी लिहिलं — ऐकले, समजले. पेन त्यांच्या हातात दिला. सही करायच्या आधी त्यांनी विचारलं, काय लिहिलं. सांगितलं.

"आयकलं तं आज. समजलं होतं मले पयल्याच दिवशी, तुमी पाऊण तास बसल्या तवा."

मी 'ऐकले' वर एक आडवी रेघ मारली. तारीख घातली.

समजले.
— जानकीबाई