मोबाइलवर पाहिलेलं तळं

४ जुलै
रेडमंडहून तीन तास, घाट उतरून दरीत. चौदा जण, एक लाकडी केबिन. समोरच्या डोंगरांवर जुलैतही बर्फ. आईला अमेरिकेत येऊन आठच दिवस झालेत. गाडीतून उतरल्यावर बराच वेळ वरच बघत होती. मग मेघनाताई, म्हणजे या ट्रिपच्या म्होरक्या, म्हणाल्या, "काकू, उद्या पिठलं-भाकरी होऊन जाऊ दे?" ज्वारीचं पीठ त्यांनी येतानाच आणलं होतं.

५ जुलै
सगळे तळ्यावर गेले. आई म्हणाली, जा, मी एवढं उरकते. मीही गेले.
परत आलो तर भाकऱ्यांची चळत, आईचा चेहरा लालबुंद. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून दार उघडं, त्यातून डास. तळं मोबाइलवर दाखवलं. हात पिठाचे, म्हणून फोन न धरताच बघितलं. छान आहे, म्हणाली.
मेघनाताईंच्या मुलाने विचारलं, "इज शी द कुक?" सगळे हसले.
'कुक' आईला कळतं. बार्शीत चार घरी स्वयंपाक करते. घरातली पहिली पदवी माझी, ती त्यावरच झाली. इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय, आई घरीच असते.
मीही हसले.

६ जुलै
उरलेल्या सतरा भाकऱ्या कचऱ्यात. अस्वलांमुळे इथल्या डब्यांना खटका असतो. आईला तो उघडेना, शेवटी मेघनाताईंनी उघडून दिला.
किळस आली. त्यांची, डब्याची, काल मी मिटक्या मारत खाल्लेल्या चौथ्या भाकरीची.

१२ डिसेंबर
हिवाळी ट्रिपचं शीट आलं, कोणी काय करायचं त्याचं. तीच केबिन. माझ्या नावापुढे: आई, पुरणपोळ्या ४०. खोडलं. तासाभरात परत आलं, पुढे हसरा चेहरा.
तरी हो म्हटलं. आईने बर्फ जवळून कधी पाहिलेला नाही आणि २३ला ती परत जाणार. डोंगरावर जाणाऱ्या केबल कारची दोन तिकिटं काढली. २१ तारीख, सकाळी अकरा. या वेळी काही झालं तरी.

२० डिसेंबर
गावातली दुकानं स्वित्झर्लंडची नक्कल, प्लायवूडचे सज्जे. केबिनमध्ये बिअरचा नि ओल्या मोज्यांचा वास. आई आल्या आल्या डाळ भिजत घालून मोकळी.

२१ डिसेंबर
साडेदहाला आईच्या पायात बूट चढवत होते. मेघनाताई: "अगं, पंधराच राहिल्यात. काकूंना तेवढ्या लाटू दे, मग जा ना, यार."
म्हटलं, "माझी आई चार घरी पोळ्या लाटते. सुट्टीत नाही लाटणार."
 मेघनाताईंनी गॅस बंद केला, एवढंच.
केबल कारमध्ये दोघीच. आईचे हात माझ्या हातमोज्यांत. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "मेघनाताईंना मी जुलैतच सांगितलंय, चार घरी करते म्हणून. विचारलं, सांगितलं. त्यात काय?"
मग त्या काय म्हणाल्या?
"म्हणाल्या, पोरीने लपवलंय, तर आपल्याला माहीत आहे असं दाखवायला नको."
म्हणजे सहा महिने. शीट, हसरा चेहरा, सगळं माहीत असून. आणि मी...
वर आई पाच मिनिटं बर्फात उभी राहिली. वाकून मूठभर उचलला, टाकला. म्हणाली, चल, पुरण आंबेल.
हे वरच्या कॅफेत लिहितेय. आई काचेपाशी उभी आहे. खाली जाणारी गाडी दर दहा मिनिटांनी येते. तीन गेल्या.