दरी दिसेपर्यंत

५ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. शेवटच्या वळणांवर धाकट्याचं तोंड बंद झालं, तेही मळमळत होतं म्हणून. एरवी घरापासून इथपर्यंत अखंड चालू. माझा हा भाऊ सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्या पुकारत होता. तो निवृत्त झाला, घसा झालेला नाही. भावजय म्हणाली, "ताई, यांना न्या तुमच्याबरोबर जंगलात. दूध उतू गेलं तरी माइकवरून सांगितल्यासारखं सांगतात." कॅमेऱ्याची तिवई उचलायला कोणीतरी हवंच होतं. घेऊन आले.

मधे गाडी बदलली तेव्हा बसची पाटी त्यानेच वाचली. मला अक्षर लागेना. हल्ली पाट्या फारच फिक्या रंगवतात.

वनखात्याचं विश्रामगृह. दोन खाटा, एक टेबल, भिंतीला ओल. चौकीदार म्हणाला, "बाई, खिडकी लावून घ्या, नाहीतर ढग आत येऊन झोपतो." व्हरांड्यातल्या दिव्याभोवती धुक्याचं मोठं कडं पडलंय, छान दिसतंय.

एक गंमत. हे सगळं चाळिशी न लावता लिहितेय! गेले काही महिने ती लागतच नाही. वयाबरोबर लोकांचे डोळे जातात, माझे परत येतायत.

६ नोव्हेंबर

दिवसभर पोटावर. नेच्याचं कोवळं पान – शेवटपर्यंत गुंडाळलेलं, अंगावर तपकिरी लव, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला पाण्याचा थेंब. धाकट्याने वाऱ्याच्या बाजूने छत्री धरली आणि दुसऱ्या हातात थर्मोकोलचा तुकडा, उजेड पानाच्या पोटाखाली जावा म्हणून. वारा थांबला की एक फोटो. पुन्हा वाट. त्याचा हात भरून आला, पण हलला नाही. मधे जळू चढली तेव्हा मात्र "प्रवाशांनी नोंद घ्यावी" असं सुरू झालं. हसून माझाच कॅमेरा हलला.

व्ह्यूफाइंडरजवळचं डोळ्याच्या नंबरचं चक्र पुन्हा फिरवावं लागलं. त्याला विचारलं, हात लावलास का? नाही म्हणतो. लावला असणार.

नेच्याचे फोटो फार सुरेख आलेत. स्वतःच स्वतःला शाबास म्हणावं इतके.

७ नोव्हेंबर

या खेपेला आज पहिल्यांदा कठड्यावर गेलो. विश्रामगृहामागून पायवाट उतरते, झाडांच्या बोगद्यातून, आणि एकदम संपते. पुढे दगडी कठडा आणि दरी. धुकं नसलं तर एकामागे एक चार डोंगररांगा, तळाशी नदी. तरुणपणी एकदा पाहिली होती. तेव्हा रोल संपला होता! दुसऱ्या दिवशी धुकं, तिसऱ्या दिवशी धुकं, मग रजा संपली. तेव्हापासून ही दरी माझ्याकडून राहिलीय.

माझी पद्धत ठरलेली. तिवई लावायची, चौकट ठरवायची, आणि कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून गप्प बसायचं. दमट हवेत कॅमेरा उघडा ठेवला की काच लगेच धुरकट होते. शिवाय ज्या स्टुडिओत शिकले तिथल्या मालकांची शिस्त – आधी डोळ्यांनी बघ. डोळ्यांना दिसल्याशिवाय टॉवेल निघत नाही.

दोन तास पांढरं. आणि एकाएकी कानाजवळ – "आली! आली! ताई, दरी आली, डावीकडून उघडतेय, काढ, काढ!"

मी दचकले, कोपर लागलं, तिवई कलंडली. सावरेपर्यंत सगळं बंद. खरं म्हणजे तो म्हणतो तेवढं उघडलंही नव्हतं. मला तरी पांढऱ्यात एक करडा डागच दिसला. पण डोकं फिरलं ते फिरलंच. म्हटलं, "हा बसस्टँड नाही. या कठड्यावर तू एक अक्षर बोलायचं नाहीस. काय दिसतंय ते मला कळतं, मला डोळे आहेत."

"बरं," म्हणाला. वर येईपर्यंत तेवढंच.

८ नोव्हेंबर

पाऊस. कपडे वाळत नाहीत. धाकटा अजून फुगलेला, पण चहा करून दिला.

९ नोव्हेंबर

फाटकापाशी रेंज येते. माझ्या पुस्तकाच्या संपादकबाईंचा निरोप होता. झाडांचे फोटो अप्रतिम, पण वाचकाला जंगल कुठे दिसतं? मधल्या जोडपानावर दरी हवीच. तुम्हाला जमलं नाही तर विकतचा फोटो टाकू, आमच्याकडे दोन-तीन आहेत, काळजी नको.

काळजी नको! आयुष्यभर ज्या जंगलांत रांगले त्यांचं एकुलतं एक पुस्तक निघतंय, आणि ते उघडल्यावर मधोमध दुसऱ्याचा फोटो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बारा तारखेला दुपारी आपली गाडी. गुडघे असे की पुन्हा इथवर येणं होईलसं वाटत नाही. दरी मिळायची तर आत्ताच.

धाकट्याला निरोप वाचून दाखवला. माझी पिशवी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली.

१० नोव्हेंबर

पहाटेपासून कठड्यावर. समोरचं वाकडं झाड दिसतं, त्यापुढे काही नाही. पण आजचं धुकं वेगळं – उजळ, डोळ्यांना खुपणारं. आत कुठेतरी ऊन असावं. म्हणजे उघडायला आलंय! डोळ्यांत तेल घालून बसले. डबासुद्धा तिथेच खाल्ला. टॉवेल काढायची वेळच आली नाही.

धाकटा शहाण्यासारखा गप्प. दोनदा त्याने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. शेवटी पायवाटेवर लागल्यावर विचारलं, "ताई, तुला नक्की कशाची वाट आहे?"

"आलं की कळेल तुला," मी म्हटलं.

"बरं. तुझ्यातलं तुला माहीत."

इतका समजूतदार कधीपासून झाला? त्या दिवशी कठड्यावर त्याच्यावर ओरडले नसते तर बरं, असं तेव्हापासून मनात आहे. सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर

आजही नाही.

चौकीदार म्हणतो, "काय उघडीप पडलीय बाई! दोन दिवसांत सगळी पांघरुणं वाळली." पाऊस नाही हे खरं. पण याला उघडीप म्हणायचं तर धुकं कशाला म्हणायचं? इथल्या माणसांना सवय झालेली असते.

दुपारी कठडा सोडला आणि रागारागाने झाडांत शिरले. फांदीच्या बेचक्यात एक आमरी, म्हणजे झाडावरचं ऑर्किड, फुललेली – फूल तांदळाच्या दाण्याएवढं, आत जांभळे ठिपके. ठिपके मोजता येत होते. कॅमेरा नाकाशी लावून तासभर तिथेच. धाकट्याने छत्री धरली. म्हणाला, "हे एवढंसं तुला दिसलं कसं? मी तर दोनदा इथून गेलो."

बरं वाटलं. पण जोडपान काही आमरीने भरत नाही. रात्रीच सामान बांधून ठेवलं. टॉवेल तेवढा वर ठेवलाय, सकाळसाठी. घेऊन काय उपयोग आहे माहीत नाही.

१२ नोव्हेंबर

शेवटचं म्हणून गेलो. तेच उजळ पांढरं. धाकट्याला म्हटलं, "चल. ही दरी माझ्या नशिबात नाही."

तो म्हणाला, "थांब, घरी एक पाठवतो," आणि मोबाइल समोर धरून फोटो काढला. मग माझ्या नाकासमोर आणला. चारही रांगा. शेवटच्या रांगेवरची झाडंसुद्धा. तळाशी नदी, नदीवर पूल.

"हा कधीचा?"

"आत्ताचा."

मान वर केली. पांढरं. मोबाइल बघितला. दरी. पुन्हा मान वर – पांढरं.

"आणि काल?"

"कालही अशीच होती. परवाही. मला वाटलं, तुला याहून काही चांगलं हवंय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलू दिलंस का?" म्हणाला. मग जवळ येऊन माझ्या डोळ्यांत बघत राहिला. बराच वेळ. "ताई, आईला मोतीबिंदू झाला तेव्हा आधी तिचीही चाळिशी सुटली होती, आणि मग ती दिवसाही दिवे लावायला सांगायची. आठवतं? काही नसतं गं, अर्ध्या तासाचं ऑपरेशन."

कठड्यावर बसले. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पाटी, दिव्याचं कडं, चाळिशी – सगळं एका दमात कळलं. त्याच्यावर ओरडले होते तेही. तो शेजारी उभा होता.

गाडीला अजून वेळ होता. मी उठले आणि टॉवेल काढला.

"आता पुकार," मी म्हटलं.

त्याने घसा साफ केला आणि डावीकडून सुरुवात केली.