जस्ताला चढवलेला शेंदूर

बाबा, दसऱ्याच्या पूजेसाठी होडी काठावर ओढली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमच्यामागे धरणाच्या पाण्यावर ती तुमचा लेक चालवतो. सोयाबीन सोंगायला पलीकडे जाणाऱ्या बाया तिच्यातूनच जातात. ओवाळून झाल्यावर तो हसत म्हणाला, "पाह्य ताई, जस्त बदलायचं कामच पडलं नाही. देवीची कृपा." मी हात जोडले खरे, पण आठवलात तुम्ही. मी डबा घेऊन काठावर आले आहे, तुम्ही होडीला ढकलणाऱ्या पंख्याजवळचा जस्ताचा झिजलेला तुकडा काढून नवा बसवताय. अर्धा शिल्लक तुकडा टाकून देताना पाहून माझा जीव तुटतो. "रंग देऊन ठेवा ना बाबा, टिकंन." केवढ्यानं ओरडलात! "रंग नाही, तेल नाही, त्याले उघडंच ठेवायचं! पंखा पितळी, होडी लोखंडी. पाण्यात दोघं जवळ आले का लोखंड झिजते. जस्त असलं का लोखंडाच्या बदल्यात ते झिजते. ते जसंच्या तसं निंगालं तं मले भेव वाटंन."

हे बोलणं घरात मीच सांगत आले. दुसऱ्याची झीज अंगावर घेतो तो देवच, असंही वर जोडलं. भावजयीनं ते मनावर घेतलं. दर दसऱ्याला ती त्या तुकड्याला तेलात कालवलेला शेंदूर चढवते. आता जस्ताला पाणी लागतच नाही, मग झिजेल कसं? मी पंख्यामागच्या पत्र्यावर बोट फिरवलं. देवीचे वण असावेत तसे खड्डे, आणि एका ठिकाणी नख आत रुतलं. धाड गावच्या बाजारातून तारेचा ब्रश आणून खरडायला बसले, तर भावजय रडवेली झाली. "देवाले खरडता काऊन, ताई?" भाऊ वैतागला, "अन् बाया काठावर उभ्या हायेत, त्याईले काय सांगू?"

"सांग, होडीले उपास हाय."

हसला नाही तो, पण होडी पाण्यात लोटलीही नाही. उद्या वेल्डिंगवाला पत्र्याला ठिगळ लावेल. नंतरच्या पहिल्या फेरीत बायांसोबत मीही बसणार आहे. ठिगळ धरेल ना, बाबा? सारखी उठून काठाकडे पाहते.

हा कागद देव्हाऱ्यातच राहणार, म्हणून सांगते. शेंदूर सगळा काढलेला नाही. एका कोपऱ्यात टिकलीएवढा राहू दिलाय. तिथं ब्रश न्यायला हात धजलाच नाही.